चारचं पाणी

गोडदेव, ११ मार्च १९८८

दत्ता,

तुरुंगातली पत्रं आधी तिथले साहेब उघडून वाचतात, असं तुझ्या खात्यातला मोझेस म्हणाला. वाचू देत. त्यांनाही कळू दे की भाईंदरच्या कारखान्यात स्टीलची भांडी चकाकतात, तेव्हा कुणाकुणाची कातडी निघते. साहेब, वाचून झालं की पाकीट नीट चिकटवा आणि माझ्या नवऱ्याला द्या.

तू शेठच्या गाडीपुढे आडवा झोपलास, फार शोभून दिसलं. पेपरात फोटो आला, गोडदेवची अर्धी वस्ती तो कागद घेऊन फिरतेय. पण घराची किल्ली खिशात घालून तू ठाण्याच्या जेलात गेलास, ते कुणी छापलं नाही. शेवटी मी वरवंट्याने कुलूप फोडलं. नवीन आणलंय. त्याची किल्ली माझ्याकडेच राहील.

आता संपाचं ऐक. तू आत गेलास आणि भांड्यांना चकाकी देणारे तुझे बफिंगचे मर्द लगेच ढिले पडले. 'नेताच नाही तर आपण कशाला उन्हात बसायचं' म्हणून कुजबुज सुरू. दोघंतिघं तर डबा घेऊन गेटपर्यंत आले होते. त्यांना अडवलं ते आनंदीमावशीने. आमच्या धुण्या-पॅकिंगच्या सगळ्या बायका घेऊन ती गेटला पाठ लावून बसली आणि म्हणाली, "जायचं असंल तर आमच्या अंगावर पाय देऊन जावा." कुणाची हिंमत होणार? तिचा तो जबडा तू पाहिलायस.

शेठने मुनीमजीला पाठवलं. तो मावशीला म्हणतो, "तुम लोग तो ठेके पे हो, तुम्हारा तो नाम भी नहीं है कंपनी में. तुम किसके लिए लड़ती हो?" मावशी म्हणाली, "नाम नहीं है, वोही तो लिखवाने को बैठे हैं." मुनीमजी छत्री उघडून चालता झाला. ऊनही नव्हतं तेव्हा.

मला इतका राग आलाय दत्ता, की भाकरी थापता थापता फाटते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत आम्ही सोड्याच्या गरम पाण्यात भांडी बुडवायची, तुमच्या मशीनचा काळा थर काढायचा, लाकडाच्या भुशात घोळवून पुसायची, लेबल लावायचं, कागदात गुंडाळायचं. आणि नाव नाही! आमच्या बोटांच्या भेगांत सोडा शिरतो तेव्हा तो विचारतो का, बाई ठेक्यावरची की पगारी?

पण आम्ही गेट धरलंय. पाळ्या लावल्यात. फक्त दुपारी चारला नळाला पाणी येतं, तेव्हा आम्हाला सगळ्यांनाच पळावं लागतं. तेवढा तासभर पुरुषांनी गेटवर बसायचं ठरलंय. तू सुटून आलास आणि चारला गेटवर एकही बाई दिसली नाही, तर ओरडू नकोस म्हणून आधीच सांगते.

आणि एक. शेठ तिथे कागद पाठवील, गोड बोलेल. सही करू नकोस. करार गेटवर मोठ्याने वाचायचा, ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांनी हात वर करायचे, मगच सही. नियम तूच घातलास. त्या नियमाकडे बघूनच मी तुझ्याशी लग्न केलं म्हटलं तरी चालेल, नाहीतर तुझ्यात दुसरं बघण्यासारखं काय होतं?

आईने वरसाव्याहून सुके बोंबील पाठवलेत. मी तुला 'दत्ता' म्हणते, 'अरे-तुरे' करते म्हणून ती अजून कानावर हात ठेवते. मी तिला सांगितलं, त्यानेच लग्नात म्हटलंय, अहो-जाहो नको, आपण कॉम्रेड आहोत.

लवकर ये.

उर्मिला


वरसावे, २ मे १९८८

दत्ता,

चारला?

दिवसाचे बाकी तास संपले होते का? मीटिंग चारला घेतलीस? जेलात मी तुला लिहून कळवलं होतं की चारला आम्ही पाण्याला असतो. ते पत्र तुला मिळालं, कारण बाहेर आल्याआल्या तू वरवंट्यावरून मला चिडवलंस. मग पाण्याचं तेवढं वाचायचं राहिलं का?

मी हंडा कमरेवर घेऊन आले तर गेटवर गुलाल. ढोल. तुला खांद्यावर घेतलेलं. मला वाटलं जिंकलो. खरंच सांगते, मी हंडा खाली ठेवला आणि नाचायला लागले. तू खाली उतरून माझ्या कपाळाला गुलाल लावलास. मी विचारलं, "काय काय मिळालं?" तू म्हणालास, "बफिंगची सगळी माणसं पर्मनंट." मी विचारलं, "आणि आम्ही?" तू म्हणालास, "घरी बोलू."

घरी बोलू! तिथे गेटवर, सगळ्यांसमोर, वाचून सांगायचं ते घरी बोलायचं झालं. मला सगळं मोझेसने सांगितलं, मान खाली घालून. माणसं पर्मनंट, त्याच्या बदल्यात धुणं-पॅकिंग बाहेर वसईला जाणार. हात वर झाले, सगळ्या पुरुषांचे झाले. त्याचाही झाला, ते त्याने लपवलं नाही.

तू काय म्हणालास ते मला पाठ झालंय. 'पाचला लेबर ऑफिसात सही करायची होती, वेळच नव्हता.' 'पहिल्या टप्प्यात पुरुष, दुसऱ्या टप्प्यात बायका.' 'तुम्ही मुळात ठेक्यावरच्या, कायद्याने तुम्हाला मत नाही.' हे तिसरं वाक्य मुनीमजीचं आहे, दत्ता. त्याने हिंदीत म्हटलं होतं, तू मराठीत म्हणालास, एवढाच फरक.

आनंदीमावशीला मी काय तोंड दाखवू? तिने माझा हंडा उचलून घरात नेऊन ठेवला आणि गेली.

काल महाराष्ट्र दिनाला तुझा सत्कार झाला म्हणे. होऊ दे. मी आईकडे आलेय. माणसं पाठवू नकोस. त्या बायका ज्या दिवशी कारखान्यात परत जातील, पगारी म्हणून, युनियनचे सभासद म्हणून, त्या दिवशी मी घरी येईन. त्याच्या आधी नाही. हे मी शपथ घेऊन वगैरे सांगत नाही, साधं सांगतेय.

घराची किल्ली आनंदीमावशीकडे ठेवली आहे.

उर्मिला


वरसावे, १४ ऑक्टोबर १९९१

दत्ता,

पेढे पोचले. आईने खाल्ले. मला गोड चालत नाही असं तिने उत्तमला सांगितलं, ते खोटं आहे.

तर तू नगरसेवक झालास. तुझा तो उत्तम, पूर्वी युनियनची पत्रकं वाटायचा, आता तुझी डायरी सांभाळतो. मोटारसायकलने आला, अंगणात उभा राहून मला म्हणतो, "वहिनी, आता घरी चला, साहेबांना शोभत नाही." साहेब! अरे, शर्टाची बटणं तुटली की सुतळीने बांधणारा माझा नवरा, तो साहेब कधी झाला?

गोडदेवात घरोघर नळ आणलेस. त्यावर निवडून आलास. खोटं कशाला बोलू, नळ चांगला आहे. मी मावशीकडे गेले होते, तिने मला तोटी सोडून दाखवली, बंद करून दाखवली, पुन्हा सोडून दाखवली. बायकांनी तुला मतं दिली आणि मनापासून दिली. मी तिथे मतदार असते तर दिलं नसतं, पण त्यांनी दिलं त्याचं मला वाईट वाटलं नाही. जन्मभर पाण्यामागे पळणाऱ्या बाईला घरात पाणी मिळालं तर ती काय करणार?

पण तुला एक सांगते. ती तोटी सोडून दाखवत होती तेव्हा मी तिच्या हाताकडे बघत होते. तू बघितलंस का कधी? ती आता मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये लोकांची भांडी घासते. स्टीलचीच. मला हसून म्हणाली, "उर्मे, आपल्याच हातची असतील ग त्यातली." तिला हसता येतं. मला नाही येत.

दुसरा टप्पा कधी आहे? युनियनचा अध्यक्ष अजून तूच आहेस. बफिंगवाल्यांचा करार मध्ये एकदा नवा झाला, पगार वाढले, मोझेसने उत्तनला घरावर स्लॅब टाकला. त्या वेळी आमचं नाव निघालं होतं का? मी मोझेसला विचारलं. तो बिचारा म्हणाला, "नाव न्हाय निगालं, उर्मिला. खोटं न्हाय बोलनार."

मी इथल्या बालवाडीत शिकवते. बरी आहे. उत्तमला पुन्हा पाठवलंस तर मी त्याला बालवाडीत बसवीन.

उर्मिला


वरसावे, २० एप्रिल १९९५

माननीय आमदारसाहेब,

आपल्या सत्कार समारंभाचं निमंत्रण मिळालं. सोबतची साडीही मिळाली. रंग आपल्या पक्षाच्या झेंड्याचा आहे, तेव्हा ती निवडायला आपल्याला फार वेळ लागला नसावा. परत पाठवते आहे.

आपण विधानसभेत गेलात याचं अभिनंदन. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. कामगाराचं पोर तिथे बसलंय ही साधी गोष्ट नाही, आणि निकाल लागला तेव्हा रेडिओपाशी मी उभी होते, बसले नव्हते. आपण म्हणाल मग समारंभाला का येत नाही?

कारण आपली मुलाखत वाचली.

आपण पेपरवाल्यांना सांगितलंत, 'मी तुरुंगात असताना माझ्या गरीब भगिनींनी गेटला पाठ लावून संप टिकवला. आनंदीबाई म्हणाल्या, आमच्या अंगावर पाय देऊन जा. त्या दिवशी मला लोकशाही म्हणजे काय ते कळलं.' हे मी लिहून कळवलेलं आपल्याला शब्द न् शब्द आठवतंय. वा! पत्र नीट वाचलं होतं तर. प्रचारातही हे भाषण आपण ठिकठिकाणी केलंत, लोक रडले, असं उत्तम अभिमानाने सांगत होता.

त्या भगिनी आत्ता कुठे आहेत, हे एकाही पेपरवाल्याने आपल्याला विचारलं नाही का? विचारलं असतं तर आपण काय सांगितलं असतं? एक सिल्व्हर पार्कात भांडी घासते. दोघी मिठागरावर जातात. एक भाजी विकते आणि नगरपालिकेची गाडी आली की टोपली घेऊन पळते. त्यांचं गेट आपण भाषणात घेतलंत, करारात घेतलं नाहीत. माझं डोकं फिरलंय हे वाचून. बालवाडीतल्या पोरांवर उगाच ओरडले आज.

आपल्या निमंत्रणात लिहिलंय की 'आमदारांच्या पाठीशी खंबीरपणे उभ्या राहिलेल्या सौभाग्यवतींचाही' सत्कार आहे. मी आपल्या पाठीशी उभी नाही. सात वर्षं समोर उभी आहे. आपण बघत नाही.

आपली,
उर्मिला


वरसावे, १२ नोव्हेंबर १९९६

दत्ता,

काल तू स्वतः आलास. आईसमोर मला नीट बोलता आलं नाही. तू ओट्यावर बसलास, ती मला आत ओढून म्हणाली, "पोरी, त्याला पानी तरी दे. दारात आलेला मानूस हाय." म्हणून पाणी दिलं. ते पाणी होतं, माफी नव्हती.

तू जाड झालायस. केस काळे करतोस, ते वाईट दिसतात. हे आधी लिहून टाकते, म्हणजे बाकीचं नीट लिहिता येईल.

तुझा गोडदेवचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. तुझा चुलतभाऊ तिथे उभा राहायचा होता, तो आता राहू शकत नाही. लोकांना 'वहिनी' माहीत आहे, 'संपातली वहिनी'. म्हणून इतक्या वर्षांनी तुझी गाडी वरसाव्याच्या गल्लीत शिरली. तू म्हणालास, "उर्मिला, तुला काही करायचं नाही. फॉर्मवर सही करायची, फिरायचं, हात जोडायचे. निवडून आल्यावर सभागृहात उत्तम खूण करील तेव्हा हात वर करायचा. बाकी मी बघतो." तू हे प्रेमाने म्हणालास. त्याचाच मला जास्त संताप आला.

मी काल गप्प राहिले म्हणजे तयार आहे असं तू धरलंस. तर ऐक, मी तयार आहे. तुझी डमी व्हायला तयार आहे. पोस्टरवर 'सौ.' लाव, माझा फोटो तुझ्यापेक्षा लहान छाप, काही म्हणणार नाही. पण आधी त्या बायकांचं.

शेठ नवी शेड बांधतोय, वसईचं पॅकिंग परत आणतोय, हे मोझेसने मला सांगितलं. त्या शेडला परवानगी तुझ्या शब्दावर मिळाली हेही सांगितलं. तिथे आमच्या जुन्या बायका पगारी म्हणून लागल्या पाहिजेत, युनियनच्या सभासद म्हणून. आणि हे घरी बोलायचं नाही. गेटवर वाचायचं, हात वर करायला लावायचे. सकाळी दहाला. त्या दिवशी माझ्याबरोबर सगळ्या बायका येतील आणि बाजूला उभ्या राहून ऐकतील.

हे झालं की तासाभरात मी तुझ्या फॉर्मवर सही करीन. माझा तुझ्यावर विश्वास नाही, पण तुला या वेळी माझी गरज आहे, त्यावर आहे.

होय-नाही उत्तमबरोबर कळव.

उर्मिला


भाईंदर पूर्व, २१ नोव्हेंबर १९९६

दत्ता,

मावशीच्या घरी बसून लिहितेय. घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर उत्तमकडून वाचून घे.

तू आलास. दहाला आलास, वेळ पाळलीस. कागद वाचलास, रेशनच्या दुकानातली सूचना वाचावी तसा वाचलास. मग विचारलंस, "नव्या शेडमध्ये जुन्या महिला कामगारांना घ्यावं, याला ज्यांची संमती आहे त्यांनी हात वर करा."

आणि हात वर झाले नाहीत.

मोझेसचा झाला. एकट्याचा. तो इकडेतिकडे बघत होता, बाकीचे जमिनीकडे बघत होते. मला कळलं का ते. प्रत्येकाचा कुणी ना कुणी पोरगा, पुतण्या, मेहुणा त्या शेडकडे डोळे लावून बसलाय. ज्यांच्या नोकरीसाठी आम्ही उन्हात गेट धरलं, त्यांना आता त्यांच्या मेहुण्याच्या पोटाची काळजी आहे. मी त्यांना शिव्या दिल्या, त्या तू ऐकल्यास. मावशीने माझ्या तोंडावर हात ठेवला नसता तर अजून दिल्या असत्या.

पण त्यांच्यापेक्षा मी तुझ्यावर चिडलेय. तुला बोलता येतं, दत्ता. तू बोललास तर बफिंगचे लोक मशीन बंद करून तुझ्यामागे समुद्रात चालत जातील. मी बघितलंय. तू एक वाक्य बोलायचं होतंस. 'अरे, या बायकांनी तुमचा संप वाचवला.' तेच भाषण, जे तू पेपरवाल्यांना दिलंस, मतदारांना दिलंस. ज्यांना ऐकवायचं त्यांना सोडून सगळ्या जगाला ऐकवलंस. गेटवर तू घड्याळ बघितलंस आणि म्हणालास, "कामगारांचा कौल मला मान्य आहे. मी लोकशाही मानणारा माणूस आहे." आणि माझ्याकडे वळून म्हणालास, "मी माझ्याकडून केलं. आता फॉर्म?"

फॉर्म भरलाय. आत्ता दुपारी भरून आले. अपक्ष. सूचक म्हणून मावशीने अंगठा दिला. नावापुढे 'सौ.' लावलेलं नाही.

आता तू तुझ्या चुलतभावाच्या बायकोला उभी करशील. सुचेता बरी बाई आहे, तिला सांग मी तिच्याविरुद्ध एक वाकडा शब्द बोलणार नाही. तुझ्याविरुद्ध बोलीन. घरोघर जाऊन बोलीन.

उर्मिला


भाईंदर पूर्व, ३ डिसेंबर १९९६

दत्ता,

अर्ज मागे घेतला, हे तुला त्याच दिवशी कळलं असेल. पेढे पाठवले नाहीस, तेवढं बरं केलंस. का घेतला ते मात्र माझ्याकडूनच ऐक. उत्तमने तुला सांगितलं असेल की वहिनी नरमल्या.

शुक्रवारी उत्तम आला. मला म्हणाला, "वहिनी, साहेबांचा निरोप आहे. तुम्ही अर्ज मागे घ्या. सोमवारी सगळ्या बायका आत. पर्मनंट, युनियनसकट. साहेबांनी शेठला फोन केलाय." मी विचारलं, "आणि गेटवर हात वर झाले नाहीत त्याचं काय?" तो हसला. म्हणाला, "वहिनी, त्यांचं काय घेऊन बसलात? साहेबांनी ठरवलं की होतंय."

दत्ता, एक फोन! साडेआठ वर्षं हे एका फोनवर होतं! मी तिथे मावशीच्या ओट्यावर उत्तमला बडवला असता. तो पळाला. म्हणजे लेबर ऑफिस, कायदा, टप्पा, कौल, सगळी सोंगं. तू कधीही करू शकत होतास. तुला माझी भीती वाटली तेव्हा केलंस.

मी ठरवलं, नाही घ्यायचा मागे. आता तर मुळीच नाही. तुला वॉर्डात पाडीन, मग बघू. पण काम माझ्या एकटीचं नव्हतं, म्हणून शनिवारी सकाळी बायकांना मावशीच्या अंगणात बोलावलं. सगळ्या आल्या. मिठागरावरच्या दोघीही आल्या. मी निरोप सांगितला आणि मग बोलले. बरीच बोलले. म्हटलं, हा तुकडा टाकतोय, घेऊ नका. मला निवडून द्या, मी नगरपालिकेतून शेठला वाकवते, ताठ मानेने आत जाऊ. मला वाटलं टाळ्या पडतील.

मावशी म्हणाली, "निवडून आल्यावर करशील म्हणतेस?"

मी म्हटलं, "हो."

ती म्हणाली, "तोपण आसंच म्हणला होता."

मला जो राग आला, तसा तुझ्यावरही कधी आला नव्हता. मी म्हटलं, "मावशी, मी आणि तो सारखे?" ती म्हणाली, "न्हाय ग बाई. पण तुझं आन् त्याचं भांडान तुमी दोघं मिटवा. माझे गुडघे गेले लोकांच्या मोऱ्यांत बसून. काम कुनाच्या हातानं आलं ते मी बघनार न्हाय. सोमवारी आलंय, मी घेनार." मग तिनेच विचारलं, "ज्यांना जायचंय त्यांनी हात वर करा."

सगळ्यांचे झाले. माझा नव्हता. मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिले, कुणीतरी खाली घेईल म्हणून. कुणी घेतला नाही. मी चरफडत होते, रडतही होते. मग त्यांच्याबरोबर जाऊन अर्ज मागे घेतला.

सुचेता निवडून येईल. तू जिंकलास, माझ्याच बायकांच्या हातांनी जिंकलास. हे लिहिताना दात आवळले जातायत.

पण काल सोमवार होता. नव्या शेडच्या दारात उत्तम नावं पुकारत होता. शेवटी त्याने माझं नाव पुकारलं आणि स्वतःच दचकला. मावशीने ते सकाळीच मोझेसकडून यादीत घालून घेतलं होतं, 'हीपण भुशातच होती आमच्यासंगं' म्हणून. सुपरवायझर धावत आला, "मॅडम, आप ऑफिस में बैठिए, आप कैसे इधर!" मी म्हटलं, "जैसे पहले थी, वैसे." पदर खोचला आणि बसले. सोड्याचं पाणी तसंच आहे. बोटं पहिल्याच दिवशी फुटली.

तेव्हा मी दिलेला शब्द. त्या आत गेल्या की मी घरी येईन म्हटलं होतं. येणार नाही. त्या तुझ्या सचोटीने नाही, तुझ्या भीतीने आत गेल्यात, आणि भीतीपोटी वागणाऱ्या माणसाबरोबर मला राहायचं नाही. मला तुझी आठवण येते, रोज येते. तरी येणार नाही.

संध्याकाळी सुटल्यावर मी मोझेसकडे युनियनची वर्गणी भरली. आम्ही सगळ्याच आता सभासद आहोत. मोझेस सांगत होता की अध्यक्षाची निवड दर वर्षी गेटवर व्हायला पाहिजे, तसं तू स्वतःच घटनेत लिहिलंयस, आणि आमदार झाल्यापासून ती झालेली नाही. बफिंगची पोरं तुझ्यावर खूश नाहीत. फोनवर झालेली गोष्ट लपत नाही, त्यांचे मेहुणे बाहेर राहिलेत.

परवा, गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीत गेटवर मीटिंग आहे. मी अध्यक्षपदाला उभी आहे. तुला यायलाच हवं. हरणाऱ्याने समोर उभं राहून सगळे हात बघायचे असतात. मी बघितले.

उर्मिला
पॅकिंग खातं